आढावांच्या घरचा पियानो

"जिवंत वाटतो की नाही? मास्तर, एवढं एकच सांगा. बाकी काही नको!"

शांतवनराव आढावांनी रेकॉर्डवरची सुई उचलली आणि विचारलं. पियानो जेमतेम सुरू झाला होता.

दावीद मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. समोर कपाटाएवढे उंच दोन स्पीकर होते. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहून मास्तरांनी हात जोडले आणि ते पुन्हा बसले.

शांतवनराव लगबगीनं पुढं झाले.

"गुडघा धरला का? बसा, बसा. फक्त मान हलवू नका. खुर्ची बरोब्बर खडूच्या फुलीवर आहे. वीतभर इकडं-तिकडं झालं, की पियानो गेलाच समजा."

आता हे शांतवनराव म्हणजे कोण, ते सांगायला हवं. साखर कारखान्यातून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. नगरला चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. यंत्राला नुसता कान लावून आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस, त्यामुळे आपल्या कानाचा तोरा भारी. हातात घेतलेलं काम सोडायचं नाही, आणि ते होईस्तोवर दुसऱ्यालाही सुखानं बसू द्यायचं नाही, असा एकूण स्वभाव.

आणि हातात घेतलेलं काम होतं ते असं.

त्यांची बायको रूथ पियानो फार सुरेख वाजवायची. दावीद मास्तरांचीच ती विद्यार्थिनी. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. बाई जिद्दीची. उठली, चालू लागली, वेड्यावाकड्या का होईना पोळ्या लाटू लागली. पण उजव्या हाताची बोटं पियानोच्या पट्ट्यांवर पडायची तशी पडेनात. एके दिवशी तिनं पियानो चर्चच्या हॉलला देऊन टाकला.

"डोळ्यांसमोर नको," एवढंच म्हणाली.

घर मुकं झालं हो! शांतवनरावांना ते सोसेना. रडायची सवय नाही, समजूत घालता येत नाही. मग इंजिनियर माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. पियानो घरात परत आणायचा! खरा नाही, पण आवाज असा हुबेहूब, की रूथनं हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर यावं आणि विचारावं, "अगंबाई, कोण आलंय वाजवायला?"

त्यासाठी भिंतींना जाड पडदे लागले. पंखा बंद झाला. कुठून कुठून रेकॉर्डी आल्या, स्पीकर बदलले, तारा बदलल्या.

रूथ बाहेर आली नव्हती. एकदासुद्धा नाही.

म्हणून आज उपासना आटोपल्यावर मास्तरांना रिक्षात घालून थेट घरी आणलं होतं. सकाळीच शांतवनरावांनी रूथला सांगून टाकलं होतं, "आज मास्तर नाही म्हणाले, तर उद्या सगळं खोक्यात. संपला विषय."

"बरं," रूथ म्हणाली होती.

"आता ही ऐका, ही!" शांतवनरावांनी दुसरी रेकॉर्ड लावली. त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "जर्मनीहून मागवली. मास्तर, काटा येतो अंगावर, काटा! ऐका... आता हातोडी तारेवर पडली, कळलं? आता पेडल सुटलं... आला उसासा? आला ना?"

आणि सुई उचलली.

मास्तर उठले, हात जोडले, बसले.

तिसरी लागली. तिचंही तेच झालं.

चौथ्या खेपेला शांतवनरावांना राहवेना.

"मास्तर, हात कुणाला जोडताय?"

"वाजवत होती ना, तिला."

"कशासाठी?"

"आपल्या घरी कुणी वाजवायला बसावं, आणि आपण त्याला मध्येच दंडाला धरून उठवावं... माफी नको मागायला?"

शांतवनराव मोठ्यानं हसले. "अहो मास्तर, ती रेकॉर्ड आहे!"

"असं होय! मला वाटलं, तू जिवंत शोधतोयस."

हसू थांबलं. शांतवनरावांनी उगाचच एका स्पीकरवरची धूळ पुसली. तिथं धूळ नव्हती.

"पुरती कुठली ऐकलीस?" मास्तरांनी विचारलं.

"पुरती म्हणजे... पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं ना सगळं. पुढं कशाला उगाच..."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"विचारा, विचारा त्यांना!" आतून रूथचा आवाज आला. "दोन वर्षांत या घरात एक तुकडा शेवटाला गेला असेल तर शपथ! मी इथं कणीक मळतेय आणि तिकडं ती वाजवणारी बाई जशी काही अर्ध्या जिन्यात लटकलेली. मग उरलेलं मीच वाजवून टाकते."

"तू?" शांतवनराव दाराकडं वळले. "कशावर?"

"मनातल्या मनात. दुसरं काय करणार? तिला अधांतरी ठेवून मला भाजी चिरवत नाही."

शांतवनरावांच्या हातातली रेकॉर्ड हातातच राहिली. दोन वर्षं त्यांना वाटत होतं, रूथ ऐकतच नाही. आणि ही तिकडं पिठाच्या हातांनी एकेक तुकडा पुरा करत बसली होती.

"मास्तर, मग... आता कुठली लावू?"

"मला काय विचारतोस? शेवट जिला वाजवावे लागतात तिला विचार."

"रूथ, अगं, कुठली लावू?"

आतून लगेच उत्तर आलं, जणू दोन वर्षं तयारच होतं. "ती पोलंडची बाई. खरखरणारी. तुम्ही दिवाणाखाली टाकलीत ती."

"अगं, तिच्यात काही राम नाही! डावा हात बसका, वरचे सूर पत्र्यासारखे, आणि सुरुवातीलाच कुणीतरी खोकतंय!"

"मग? हॉलमध्ये माणसं खोकत नाहीत?"

शांतवनराव पोटावर झोपून दिवाणाखाली शिरले. जळमटांसकट रेकॉर्ड बाहेर आली. शर्टाच्या टोकानं पुसली आणि लावली.

खर्र... खर्र...

कुणीतरी खोकलं. मग पियानो सुरू झाला.

डावा हात बसका होताच. शांतवनरावांचा हात सवयीनं सुईकडं गेला. मास्तरांनी अडवलं नाही, नुसते बघत राहिले. शांतवनराव जमिनीवरच बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

अर्धं मिनिट गेलं. एक गेलं. पुढचं सगळं त्यांना नवीन होतं!

बाई आधी सावकाश चालली होती. मग तिच्या काय डोक्यात आलं कोण जाणे, तिनं वेग धरला. उजवा हात वर वर पळायला लागला. शांतवनरावांनी आयुष्यभर यंत्रं पाहिली होती. हा वेग झेपणारा नाही, हे त्यांना आधी कळलं.

"अहो, ही एवढ्या जोरात चढणार? मरणार ही..." ते पुटपुटले.

आणि ती घसरली.

एक बोट भलतीकडं पडलं. पाठोपाठ दुसरं. उजवा हात गडबडला, थबकला. एक क्षण सगळंच मोकळं सुटलं. शांतवनराव गुडघ्यांवर उठले.

"सांभाळ, बाई..."

हे ते बोलले नव्हते. त्यांनी मागं पाहिलं. दारात रूथ उभी होती. दोन्ही हात पिठानं माखलेले, डोळे त्या दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेवर.

"सांभाळ, सांभाळ... डावा धर. डावा सोडू नकोस गं. त्याला धरून राहा..."

डावा हात थांबला नव्हता. बसका, जड, पण आपल्या चालीनं चाललेला. बाईनं तो धरला. एक सूर सापडला. दुसरा सापडला. उजवा हात हळूच परत आला, आणि मग उठला तो असा काही...

"आली! अहो, आली ती!" रूथ ओरडली.

"चल! चल! शाब्बास!" शांतवनराव त्याहून मोठ्यानं ओरडले. खुर्ची कुठं, खडूची फुली कुठं, कशाचं भान नव्हतं. शेवटचे सूर धाडधाड पडले आणि पोलंडातल्या त्या हॉलमधली माणसं टाळ्या पिटायला लागली. रूथही टाळ्या वाजवायला लागली. उजवा हात नीट उचलत नव्हता, म्हणून डावाच त्याच्यावर आपटत होती. खोलीभर पीठ उडालं.

"मास्तर, ऐकलंत?" शांतवनरावांचा आवाज फुटला. डोळ्यांत पाणी, आणि तोंड पोरासारखं हसरं. "होती! इथं होती बाई! अहो, हिचा हात धरावासा वाटला मला! आणि रूथ... रूथ, तू बाहेर आलीस!"

"मग काय करू? पडत होती ती."

एवढं बोलून रूथ तिथंच, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. धापा टाकत होती, हसत होती. शांतवनरावांनी तिच्या गालावरचं पीठ पुसलं. आनंदानं त्यांना काय करू नि काय नको असं झालं होतं. एकदम ते ताडकन उठले.

"थांबा, थांबा! तेवढंच परत लावतो. ती घसरली ना, तेवढंच. मास्तर, एवढं जिवंत आलं कशानं, ते बघू दे एकदा. सुईनं आलं, की त्या नव्या तारेनं..."

हात सुईपर्यंत गेला.

मास्तरांनी आपली काठी हळूच त्या मनगटावर ठेवली. ते स्पीकरांच्या मधल्या जागेकडं बघत होते.

"अरे, आत्ता कुठं वाजवून उठलीय ती. जरा पाठ टेकू दे."