गॅलरी कशानं पडली?

पेठेतलं फुटबॉलचं मैदान मोडून नवं स्टेडियम गावाबाहेरच्या माळावर बांधायचा घाट मैदान समितीचे अध्यक्ष रणनवरे यांनी घातला. पेठेचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीच्या सभेत ते गरजले, “इथं मॅच बघायला काळं कुत्रं फिरकत नाही!”

गजराक्का उठली. मागं मैदानाची एका बाजूची गॅलरी कोसळली तेव्हा तिचा नवरा तिच्याखाली सापडून, तालमीचा झेंडा धरूनच गेला होता.

“साहेब, गर्दी मावंना म्हणून गॅलरी पडली, असं तवा तुम्हीच म्हणाला. गर्दी खरी असंल तर मैदान हितंच ऱ्हाऊ द्या. खोटी असंल तर गॅलरी बांधणाऱ्या तुमच्या मेव्हण्याला आत घाला. बोला, काय खरं?”

रणनवऱ्यांनी स्टेडियमच्या ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

मैदान जागेवर राहिलं. पुढच्या मॅचला उरलेली गॅलरी खचाखच भरली. आक्कानं शेजारच्या जागेवर झेंडा ठेवला आणि तिथं कुणाला बसू दिलं नाही.