लहानूचा चांगल्या वागणुकीचा दाखला

एका गावात एक भोळा गडी होता. नाव लहानू, अंगाने मात्र ज्वारीच्या कणगीएवढा. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सांगितलं तेवढंच करी आणि सांगितलं तसंच करी. म्हणून गावात त्याला कुणी दुसऱ्यांदा काम सांगत नसे.

शेवटी आत्याने त्याला तालुक्याला धाडलं. तिथल्या दिव्यांगांच्या वसतिगृहात मदतनीस हवा होता.

"ही नोकरी हुकली तर तुला शेळ्यासुद्धा कुणी राखायला देणार नाही," आत्या म्हणाली. "आणि ध्यानात ठेव, सरकारी माणसापुढे 'नाही' म्हणू नये."

वसतिगृह सुलभाताई चालवत. चाकाच्या खुर्चीत बसून त्या अख्ख्या घराला पळवत. त्या लहानूला म्हणाल्या, "आमच्या तुळशीराम आजोबांचे हात चालत नाहीत. जेवण समोर आलं की तोंडही मिटतात. एक घास भरवून बघ बरं."

लहानूने एक घास भरवला आणि ताट उचलून तो चालू लागला.

"कुठं निघालास?" आजोबा ओरडले.

"एकच सांगितला होता."

"अजून आण, गाढवा!"

आजोबांच्या तोंडून 'अजून' हा शब्द त्या घरात कुणी ऐकला नव्हता. सगळे त्यांना घास कोंबत आले होते. थांबलं कुणीच नव्हतं.

सुलभाताई खूश झाल्या आणि अंगणात उन्हाला जाऊन बसल्या. ताईंना ऊन लागतंय, असं लहानूला वाटलं. त्याने मागून येऊन खुर्ची ढकलली आणि सावलीत नेली. सावली शेजाऱ्याच्या गोठ्यात होती.

"अरे, मी ऊन खात होते!" म्हशीकडे बघत ताई म्हणाल्या. "खुर्ची म्हणजे माझे पाय. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी विचारायचं, आणि समोरचा 'नको' म्हणाला की नको."

"बरं."

"नोकरी तुझीच. फक्त पोलिसांकडून चांगल्या वागणुकीचा दाखला आण. इथली माणसं कुणाच्याही हाती देता येत नाहीत. शनिवारपर्यंत आला नाही, तर दुसरा माणूस बघावा लागेल."

लहानू पोलीस ठाण्यात गेला. धुमाळ हवालदारांनी कागद पुढे ओढला.

"कधी चोरी केलीस?"

"हो."

"मारामारी?"

"हो."

हवालदार सावरून बसले. "खून?"

"तुम्ही म्हणाल तर हो."

"अरे, खरं काय ते बोल!"

"खरं म्हणजे काहीच नाही. पण सरकारी माणसापुढे 'नाही' म्हणायचं नाही, असं आत्या म्हणते."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाकावर बसवलेला पाकीटमार उठला आणि दारातून सुसाट सुटला.

"धर त्याला!" हवालदार ओरडले.

लहानूचे पाय लांब. चार ढांगांत त्याने पाकीटमाराला गाठलं आणि बाजूने पळत पळत अदबीने विचारलं, "दादा, धरू का?"

"नको!"

"बरं."

लहानू परत आला. "नको म्हणाले."

हवालदारांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे टोणग्या, पळणाऱ्याला विचारत बसतात का? दोन्ही हातांनी कवळा घालायचा, आडवा करायचा आणि मी येईस्तोवर उरावर बसायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी लहानू पुन्हा ठाण्याकडे निघाला. वाटेत एक जाडजूड गृहस्थ पिशवी सांभाळत पळत होते. लहानूने कवळा घातला, आडवं केलं आणि उरावर बसला. समोरून एसटी निघून गेली.

ते फौजदार जगतापांचे सासरे होते. महिनाभर राहून त्या दिवशी कुठे गावी निघाले होते. आता ते म्हणाले, "बरगड्या दुखतात. आणखी महिनाभर काही हलत नाही."

फौजदारांनी लहानूला समोर उभं केलं. "माणूस कोण, कुठला, त्याचा दाखला काय, हे बघितल्याशिवाय यापुढे कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही! आधी दाखला, मग हात! आणि हा घे तुझा दाखला. गुन्हा एकही नाही. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

शुक्रवारीच लहानू दाखला घेऊन वसतिगृहात हजर झाला. ताईंना हायसं वाटलं.

"लहान्या, आलास? घास दे," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुमचा दाखला?"

"कसला दाखला?"

"वागणुकीचा. आधी दाखला, मग हात."

ताईंनी समजावलं, की दाखला मदतनिसाचा लागतो, जेवणाऱ्याचा नाही. लहानू मान हलवी आणि म्हणे, "फौजदारसाहेबांनी सांगितलंय." आजोबा दुसऱ्याच्या हातून खाईनात. रात्र उपाशी गेली.

सकाळी ताईंनी टेम्पो मागवला. "पोलिसांनी बिघडवलंय, पोलिसांनाच निस्तरू दे."

ठाण्याला पायऱ्या होत्या, उतार नव्हता. म्हणून अख्खं वसतिगृह आवारात रांगेने बसलं. खुर्च्या, कुबड्या, पांढऱ्या काठ्या, आणि पुढे डबा घेऊन लहानू. फौजदारांनाच खाली उतरावं लागलं.

"साहेब, यांचे दाखले," लहानू म्हणाला.

"आजोबा, तुमच्या नावावर गुन्हा आहे का काही?" फौजदारांनी रडकुंडीला येऊन विचारलं.

"अजून नाही. पण याने आता घास दिला नाही तर होईल."

फौजदारांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून भराभर सगळ्यांचे दाखले लिहिले. लहानूने आजोबांचा दाखला पाहिला आणि घास भरवला.

"अजून," आजोबा म्हणाले.

"झालं ना?" फौजदारांनी घाम पुसला. "आता या सगळ्यांना घेऊन जा."

लहानू ताईंकडे वळला. "ताई, नेऊ का?"

धुमाळ हवालदार सगळ्यांसाठी चहा आणायला गेले होते. ताई म्हणाल्या, "नको. चहा घेऊन जाऊ."

"साहेब, नको म्हणाल्या."

फौजदारांनी एकवार रांगेकडे पाहिलं, एकवार लहानूकडे पाहिलं, आणि फाटकाकडे धूम ठोकली. लहानू बाजूने पळू लागला.

"नाव?"

"अरे, मी फौजदार जगताप!"

"दाखला?"

"माझा कसला दाखला!"

दाखला नाही, आणि वर पळतोय. लहानूने कवळा घातला, आडवं केलं आणि उरावर बसला.

"ऊठ!" खालून आवाज आला.

"उठतो साहेब. हवालदारसाहेब आले की लगेच."

ताईंनी पदर तोंडाला लावला होता. हसू आवरत त्या म्हणाल्या, "लहानू, सोमवारपासून कामावर ये."

"येतो ताई," लहानू बसल्या जागेवरून म्हणाला. "तोवर चहा आला तर."