आधी शून्य दाखव

“पण अण्णा, डोळ्यांना दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं?”

भरत मगदूमने हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णा कोरे पडवीतल्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसले होते.

अण्णांची पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून गेली. आता डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, बोटांत सोल्डरिंग गन धरवत नव्हती. तरी गडहिंग्लज भागात कुणाचं यंत्र अडलं की माणूस त्यांच्याच पडवीत यायचा. भरत तर त्यांचा जुना शिष्य. तारेला तार जोडायला इथंच शिकला आणि आता पॉलिटेक्निकात पोरांना शिकवत होता.

“मला तुम्ही फक्त एक नाव सांगा,” भरत म्हणाला. “ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा दुसरा कोण आहे?”

“बाबालाल आहे की.”

“बाबालालचाचांच्या हाताची सफाई गेली आता.”

अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

सात महिने भरत एक अ‍ॅम्प्लिफायर बांधत होता. हौसेचं काम, पण हौसेलाच कधी कधी जास्त घाम लागतो. कॉलेज सुटलं की त्याच्यापुढे बसायचं. सोबतीला साबणाच्या वडीएवढी एक डबी, स्वस्तातला ऑसिलोस्कोप. ती लॅपटॉपला जोडायची, तिच्या वायरीचा चिमटा अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला लावायचा, टोक हवं तिथं टेकवायचं. मग विजेची हालचाल पडद्यावर रेघ होऊन दिसते. काही वाजत नसताना ती रेघ सरळ हवी.

भरतची रेघ सात महिन्यांत एकदाही सरळ झाली नव्हती. कायम लाट.

त्याने कपॅसिटर बदलले. वायरी उपटून नव्या घातल्या. मग ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला. बाबालाल आत्तारांकडून एकामागून एक तीन ट्रान्सफॉर्मर करून घेतले. तिन्हींत तीच लाट.

मागच्या महिन्यात तो सगळं सामान घेऊन थेट त्यांच्या दुकानात गेला. गिऱ्हाइकं उभी होती. त्याने फळीवर लॅपटॉप मांडला, पिना लावल्या आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

“बघा चाचा. हा तुमचा हात थरथरतोय.”

बाबालाल बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. “दिसतंय खरं,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाइंडिंगच्या मशिनीवर पोतं टाकलं. चाळीस वर्षांत ती मशीन एवढे दिवस कधी थांबली नव्हती.

भरतला याचं वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण तो दमला होता. दमलेल्या माणसाला कुणाच्या तरी माथी खापर फोडून झोपायचं असतं.

“काढ तुझं यंत्र,” अण्णा म्हणाले.

भरतने खोका उघडला. हे सगळं पुन्हा मांडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. अ‍ॅम्प्लिफायरची पिन भिंतीवरच्या बोर्डात गेली. शेजारी लॅपटॉपच्या चार्जरची पिन गेली. बॅटरी जुनी झाली होती, चार्जर काढला तर पाच मिनिटं टिकत नसे. त्याने चिमटा लावला, टोक टेकवलं.

पडद्यावर लाट आली. जुन्या दुखण्यासारखी, ओळखीची.

“बघा.”

“बघितली. आता आधी शून्य दाखव.”

“म्हणजे?”

“चिमटा कुठं लावलायस?”

“पत्र्याला.”

“टोक बी तिथंच लाव. चिमट्यालाच.”

भरत थकल्यासारखा हसला. “अण्णा, दोन्ही एकाच जागी लावले तर मोजायचं काय? तिथं काहीच नाही.”

“काही नाही तर काही दिसणार न्हाई. दाखव की मग.”

भरतने टोक उचललं आणि चिमट्यावर टेकवलं.

लाट होती तिथंच राहिली.

त्याने टोक काढलं, शर्टाला पुसलं, पुन्हा टेकवलं. पडवीत पंखा तेवढा फिरत होता...

“ही डबीच बिघडलीय,” तो शेवटी म्हणाला.

“म्हणजे आता हिचा नंबर,” अण्णा म्हणाले. “आधी कपॅसिटर, मग वायर, मग बाबालाल.”

अण्णा बाकड्यावरून उतरले. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. बोर्डापाशी गेले आणि त्यांनी लॅपटॉपच्या चार्जरची पिन उपसली.

“अण्णा, बंद पडेल तो...”

बोलता बोलता तो थांबला. पडद्यावरची रेघ सरळ झाली होती.

अण्णांनी पिन पुन्हा लावली. लाट आली. काढली. लाट गेली.

भरतने घाईघाईने टोक चिमट्यावरून काढलं आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरकडे जाणाऱ्या तारेवर टेकवलं. रेघ सरळच. आत बसवलेला होता बाबालालचाच तिसरा ट्रान्सफॉर्मर; त्यात खोट नव्हती.

चार्जरची अर्थिंगची वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर, दोन्ही एकाच भिंतीत जाणाऱ्या. मध्ये त्याने स्वतःच्या हाताने डबी जोडून फेरा पुरा केला होता. लाट त्या फेऱ्यात फिरत होती. दर वर्षी ऑगस्टात तो दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हेच शिकवायचा. फळ्यावर सुबक आकृती काढून, दोन रंगांच्या खडूंनी.

“स्पीकर जोडून कधी ऐकलंस?” अण्णांनी विचारलं.

“नाही.”

“सात महिन्यांत?”

“रेघ सरळ झाल्याशिवाय काय ऐकायचं, म्हटलं.”

अण्णांनी कोपऱ्यातला एक जुना स्पीकर पायानेच पुढे सरकवला. भरतने डबीचा चिमटा काढला, स्पीकरच्या तारा जोडल्या, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि जमिनीवर बसून कान स्पीकरला लावला.

काही नाही. भुणभुण नाही, खरखर नाही. बाहेर कुणीतरी सायकल उभी केली, तेवढं ऐकू आलं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. सात महिने ज्याची वाट बघितली ती शांतता कानाशी होती. पण त्याला आठवत होते पडद्याकडे बघत राहिलेले बाबालाल. न कळणाऱ्या लाटेवर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि स्वतःच्या हातावर ठेवला नव्हता. या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॅपटॉपचा पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती.

तो उठून सामान आवरायला लागला. अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात ठेवला. लॅपटॉप पिशवीत घातला. डबी आणि चार्जर मात्र बाकड्यावरच सोडले.

“हे राहू दे तुमच्याकडे, अण्णा. मला नको आता.”

अण्णा पुन्हा पाय वर घेऊन बसले होते. डोळे मिटलेले.

“कुठं निघालास?”

“चाचांकडे. घरीच जातो. दारातून आत जाऊन पाय धरतो त्यांचे.”

“घरी कोण असतंय त्याच्या?”

“कोणी नाही. एकटेच असतात.”

अण्णांनी नुसता हुंकार दिला.

भरत पायरी उतरला. खोका जड होता, तो त्याने दुसऱ्या हातात घेतला.

“भरत.”

“हां, अण्णा.”

“त्या दिवशी दुकानात किती माणसं होती रं?”

भरत थांबला. ती सगळी तोंडं त्याला एकेक करून आठवली.

“पाच,” तो म्हणाला. “सहा असतील.”

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. हात तेवढा बाकड्यावर चाचपडत गेला, आणि चार्जरची वायर सापडल्यावर त्यांनी ती डबीसकट त्याच्यापुढे धरली.

“मग घरी नको, दुकानात जा. आणि चार्जर विसरू नको.”