फगनीची शेवटची टोपली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार ते विचारू नका. ज्यानं मोजलं तो मेला, आणि ज्याला सांगितलं तो बहिरा होता. त्या काळी बेलटोल्याला तलाव होता. एवढा मोठा की या काठाला कुणी शिंकलं तर त्या काठाला त्याच्या नातवाच्या बारशाला ऐकू येई, असं म्हणतात. तलावाच्या एका अंगाला पाळ होती. पाळ म्हणजे पाणी अडवून धरणारा मातीचा जुना बांध. पाळीच्या खाली गावाचा धान, आणि पाळीच्या टोकाला ढिवरांची घरं. त्यांचं पोट मासोळीवर.

मग रुळांखाली घालायच्या लाकडांसाठी एक कंत्राटदार आला आणि डोंगरावरचं जंगल कापून घेऊन गेला. गावानं त्याला गाड्या भरून दिल्या, वर पंगत घातली, आणि तो गेल्यावर डोंगर बोडका का दिसतो म्हणून तोंडं वासून बघत बसलं. बोडका डोंगर दर पावसाळ्यात थोडा थोडा तलावात उतरू लागला. खाली गाळ चढत गेला, वर पाणी उतरत गेलं. वैशाखात मासोळ्या चिखलात तोंड उघडून पडायच्या.

फगनी ढिवरीण त्याच घरांतली. तिचा थोरला पोरगा तलाव आटला त्या साली खाणीवर गेला, तो गेलाच. ना निरोप, ना सांगावा. धाकटा बिसन उरला होता. तो एक दिवस जाळं गुंडाळून म्हणाला, "माय, यंदा पानी रायलं तं मी रायतो. नाई तं मीबी चाललो खानीवर."

तलाव भरलेला राहिला पाहिजे, नाही तर हाही पोरगा जातो. एवढंच फगनीला कळलं, आणि तेवढंच तिनं आयुष्यभर धरून ठेवलं.

गावाकडून गाळ उपसून घ्या म्हणत ती आडकू पाटलाकडे गेली. पाटील म्हणाला, "तलाव सरकारचा, गाळ देवाचा, पाठ आमची. फुकट कोन उपसंल व?" गावानं मान डोलावली. मान डोलवायला गाव कधीच मागे नव्हतं, आजही नाही.

तेव्हा फगनी टोपलीभर काळा गाळ डोक्यावर घेऊन जानबा कोहळ्याच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, गेली. जानबाची जमीन अशी मुरमाड की तिथं पेरलेला दाणा लाजून परत घरी येई, असं म्हणतात.

"जानबाभाऊ, अर्ध्या बांधीत हा गाळ घालतो. पिकला तं टोपलीमागं ओंजळभर धान दे."

"आन नाई पिकला तं?"

"तं मी तुह्या बांधीत बुजगावनं होऊन उभी रायतो."

"तू तशीबी बुजगावन्यासारखीच दिसतं," जानबा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

दिवाळीला त्याचं हसू थांबलं. गाळाच्या अर्ध्या बांधीत धान इतका उंच की जानबाचा बैल आत शिरला तो होळीला सापडला, तोही लठ्ठ होऊन. उरलेल्या अर्ध्यात नेहमीचे खडे. असं म्हणतात, आणि जानबाची बायको तर शपथ घेऊन म्हणे.

झालं! सगळ्या मुरमाड जमिनीचे मालक फगनीच्या दारात. उन्हाळाभर ढिवरांनी गाळ उपसला आणि विकला. टोपलीमागं ओंजळभर धान. जे काम पाटलाच्या हुकमानं झालं नसतं, ते घराघरातल्या कोठ्या भरत भरत झालं. तलाव खोल गेला. वैशाखातही पाणी छातीला लागू लागलं. मासोळ्या एवढ्या माजल्या की बायका पाण्यात नुसता पदर सोडून भाजीपुरत्या धरत. बिसनचं लग्न झालं. खाणीचं नाव त्याच्या तोंडी राहिलं नाही.

फगनीचा एकच नेम होता. दिवसाची शेवटची टोपली विकायची नाही, पाळीवर टाकायची. "पाळ हाये तं पानी हाये," ती म्हणे. लोक हसत. "फगनीमायले एक टोपली जड झाली का?" ती म्हणे, "हो रे बाबू, दिवसभर तुमचंच तोंड पायलं, डोकं जड होतेच."

पण धंद्यात बरकत दिसली की गावाला झोप येत नाही. पुढच्या साली जानबा उतरला, आडकू पाटील उतरला, ज्यानं कधी पायाला चिखल लागू दिला नव्हता तो गुरवही उतरला. आता तलावाच्या पोटात उतरायचं म्हणजे गुडघाभर चिखल, वर ऊन, आणि चढताना टोपली ओघळून मानेत. पाळ मात्र गाडीवाटेला लागून. वर्षानुवर्षांचं शेण, पाला, गाळ खाऊन तीही काळीभोर झालेली. पहिल्यानं कोणी एकच टोपली घेतली. एका टोपलीनं काय होतं? दुसऱ्यानंही एकच घेतली. गावात सगळे एक एक टोपलीवालेच होते.

फगनी धावत गेली. "आरे, पाळ कापता का रे? पानी कोन धरनार, तुमचा बाप?"

जानबा गाडी भरता भरता म्हणाला, "काऊन वरडतं? माती म्हंजे धान, हे कोनं शिकवलं? तूच ना?"

फगनीनं घरी जाऊन कोठीतला धान मोजला. आयुष्यात पहिल्यांदाच, असं म्हणतात.

मग तिनं दवंडी दिली. पाळीवर जो टोपली आणून टाकील, त्याला फगनी दुप्पट धान देईल. गाव हरखलं. लोक आले, रांगा लागल्या. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाळीवर माती पडत होती आणि फगनी कोठीतून धान मापत होती. तिच्या समोरची पाळ उंच होत गेली, तसा तिचा चेहरा फुलत गेला.

कोठीचा तळ दिसायला लागला तेव्हा एका टोपलीत तिला हरळीची मुळं दिसली. हिरवी, लांब, ताजी. ती मुळं हातात धरून बसली. तलावाच्या तळाला हरळी उगवत नाही. हरळी उगवते पाळीवर.

बिसन पाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघून आला. "माय, लोकं तिकून खोदून इकडं आनून रायले. तू आपलीच पाळ इकत घेऊन रायली."

फगनी टोपली घेऊन एकटीच तलावाच्या पोटात उतरली, भरली, दुसऱ्या टोकाला टाकली. परत उतरली. लोक काठावर बसून तंबाखू मळत म्हणत, "म्हातारी येडी झाली." फुकटचं काम करणाऱ्याला गाव दुसरं नाव देतच नाही.

भर श्रावणात, लोक जेवायला बसले होते तेव्हा, पाळ फुटली. खोदलेल्या टोकाला. पाणी आडकू पाटलाच्या ओसरीत शिरलं आणि वाढलेलं ताट घेऊन गेलं. खालचा धान गेला, बैल गेले. जानबाच्या शेतावरचा काळा गाळ धुऊन निघाला आणि खालचे खडे पुन्हा वर आले. फगनी टोपली घेऊन भगदाडात उभी होती, असं म्हणतात. पाणी ओसरल्यावर टोपली सापडली. फगनी सापडली नाही. कोणी म्हणतं, ती मासोळी झाली. पण मासोळीला पाणी लागतं, आणि तलावात चिमणीला प्यायलासुद्धा पाणी उरलं नव्हतं.

बिसन बायकोला घेऊन खाणीवर गेला. त्याच्यामागं ढिवरांची सगळी घरं गेली. ना निरोप, ना सांगावा.

अजूनही बेलटोल्यात अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घरटी एक टोपली माती फगनीमायच्या नावानं भगदाडात टाकतात. हळदकुंकू लावून, वाजतगाजत. नेम असा की माती तलावाच्या पोटातून आणायची. पण तलावाचं पोट लांब, वैशाखाचं ऊन, आणि घरी पुरणाचा स्वयंपाक खोळंबलेला. पाळीचं धड टोक तेवढं जवळ आहे. एका टोपलीनं काय होतं?

म्हणून इतकी वर्षं झाली तरी भगदाड बुजत नाही. दर साली थोडं थोडं पुढं सरकतं. हे कोणी म्हणत नाही. जाऊन बघा.