काजळवाडीची आवडाई चितारीण

लई जुनी गोष्ट आहे, बाळांनो. किती जुनी, ते सांगणाराही आता उरला नाही. तेव्हा डोंगराच्या कुशीत काजळवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात मेलेली माणसं भिंतीवरून बघत असत.

घाबरू नका, ती भुतं नव्हती. गावात कुणी वारलं, की तिरडी उचलायच्या आधी चितारी यायचा. कापडावर त्या माणसाचं चित्र काढायचा आणि घरची माणसं समोर बसली, की सगळ्यात शेवटी डोळे उघडायचा, म्हणजे बुबुळं रंगवायचा. जाणाऱ्याची नजर जाता जाता त्या डोळ्यांत थांबायची, असं म्हणतात. मग ते चित्र घरच्यांकडे बघत राहायचं. पापणी लववायचं. सिदबा धनगर तर बायकोच्या चित्रासमोरच जेवायला बसायचा, आणि पानात भाजी टाकली की ती असे डोळे वटारायची, की म्हातारा निमूट बोटं चाटूनपुसून उठायचा.

डोळे उघडायची ही विद्या शेवटी एकट्या आवडाईपाशी उरली. नवरा लवकर गेलेला. एक लेक होती, ठकू. तिलाच ही विद्या द्यायची, असं आवडाईनं ठरवलं होतं. पोर रंग खलायला शिकली, कुंचला धरायला शिकली, आणि एका तापात गेली. आवडाईनं आपल्या हातानं तिचं चित्र काढलं. आईनं लेकीचे डोळे कसे उघडले असतील, ते तिचं तिलाच ठाऊक. त्या दिवसापासून ठकू चुलीसमोरच्या भिंतीवरून आईकडे बघायची. आई भाकरी थापतानासुद्धा तिच्याशी बोलायची.

तिकडे महेंद्रकोटात एक राजा होता. त्याला नाना तऱ्हेच्या वस्तू जमवायचा भारी नाद. जे दुसऱ्याच्या घरात शोभून दिसेल ते आपल्या घरात पाहिजे, असा त्याचा स्वभाव. पापणी लववणाऱ्या चित्रांची वार्ता त्याच्या कानी गेली. लगेच दवंडी पिटली, की पावसाळा सरला की काजळवाडीतली झाडून सगळी चित्रं राजाच्या चित्रशाळेत यावीत. जो लपवील त्याच्या घरावर नांगर फिरेल.

गावात रडारड झाली. सिदबा तर चित्र छातीशी धरून रानात पळून जायला निघाला. आवडाईनं त्याला अडवलं.

"राजाला पापणी लववणारी चित्रं पायजेत न्हवं? मग देऊ की," ती म्हणाली. "पर तुमची न्हाई. मी काढलेली."

आता इथली मेख ध्यानात घ्या. खऱ्या चित्रात मेलेल्याची नजर असते. नकलेत ती कुठून आणायची? नक्कल जिवंत करायची, तर चिताऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांतली थोडी नजर काढून तिच्यात घालायची. दुसरा उपाय नाही. घातलेली नजर परत येत नाही. हे आवडाईला पक्कं माहीत होतं, आणि तरी ती कामाला बसली.

पहिल्या काही नकला झाल्या आणि आवडाईला चांदण्या दिसेनाशा झाल्या. मग समोरचा डोंगर पुसला गेला. मग सुईचं नेढं, मग जोंधळ्यातले खडे. शेजारणी म्हणायच्या, "आवडाक्का, आधी ठकूची नक्कल कर गं बाई." ती हसायची. "घरचं काय, कवाबी हुईल. आधी लोकांचं हुं द्या." चिताऱ्याच्या घराची भिंत शेवटी रंगायची, ही त्यांची रीतच होती. रीत मोडणं तिला जमलं नाही.

सगळ्या गावाचं काम उरकलं. दोन डोळे उघडता येतील, एवढाच उजेड तिच्या डोळ्यांत उरला होता. तिनं दार लोटून घेतलं. चाचपडत ठकूची नक्कल काढली. परकर रंगवला, बांगड्या रंगवल्या, कपाळावरची बट रेखली. फक्त डोळे राहिले. डोळे उघडायच्या आधी मूळ चित्राच्या डोळ्यांत एकदा नीट बघायचं असतं, म्हणजे ते हातात उतरतात. म्हणून आवडाई लेकीच्या चित्रासमोर बसली.

ठकू तिच्याकडे बघत होती. आवडाई तिच्याकडे बघत राहिली. आपल्याला हे शेवटचं दिसतंय, हे तिला कळत होतं. आता उचलते कुंचला, म्हणाली, आणि अजून थोडं बघितलं. हे एवढं बघते आणि उचलते, म्हणाली. लेकीच्या गालावरची खळी बघितली, ओठाजवळचा तीळ बघितला, पुन्हा डोळे बघितले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी तिनं कुंचल्याकडे हात नेला, तर कुंचला दिसेना. तिला वाटलं, दिवस मावळला. पण ती चाचपडत बाहेर आली, तर कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि अंगण उन्हानं तापलेलं पायाला लागत होतं.

उरलेली सगळी नजर तिनं नुसती बघण्यात खर्चून टाकली होती. काय म्हणावं या बाईला? मी तर म्हणतो, कुणाही आईनं हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी राजाचा पारखी आला. नागोजी त्याचं नाव. तो दारोदार चित्रासमोर टाळी वाजवायचा. पापणी लवली, की चित्र गाडीत. खरी चित्रं माळ्यांवर दडवलेली होती. नकलांच्या पापण्या लवल्या आणि गावानं जीव मुठीत धरून खोटं खोटं रडून दाखवलं. आवडाईच्या घरी मात्र बिनडोळ्यांची नक्कल कणगीत लपवलेली होती आणि भिंतीवर खरी ठकू. चितारणीची भिंत रिकामी दिसती, तर संशय आला असता. टाळी वाजली. ठकूची पापणी लवली.

"माझी न्या त्यापरीस," असं शेजारी उभ्या सिदबाच्या ओठांवर आलं होतं. आवडाईनं त्याचा हात घट्ट दाबला. एक शब्द निघाला असता, तर सगळ्यांचंच गेलं असतं. गाड्या खिंडीपलीकडे गेल्या तेव्हा गावात कुणी खोटं रडत नव्हतं.

"मला ती दिसत न्हाई त्याचं काई न्हाई," आवडाई म्हणाली, "पर तिला मी दिसत हुते."

त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला ती खिंडीत जायची, महेंद्रकोटाकडे तोंड करून उभी राहायची आणि पेटती पणती आपल्या तोंडाशी धरायची. वाटसरू हसायचे, "आंधळीला दिवा कशाला गं?" ती म्हणायची, "मला न्हाई बाबा. लेकराला माझं त्वांड दिसाया."

इकडे चित्रशाळेत नवल घडलं. राजा ऐटीत आत आला, तर एकही चित्र त्याच्याकडे बघेना. सगळी एका कोपऱ्याकडे बघत होती. त्यानं भिंती बदलल्या, चित्रं फिरवली. डोळे पुन्हा तिकडेच. त्या कोपऱ्यात एका परकरी पोरीचं चित्र होतं. ती एकटीच खिडकीबाहेर बघत होती, डोंगराकडे. राजा चिडून निघून गेला. नागोजी मात्र त्या पोरीच्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला. त्याला सगळं उमगलं होतं.

तो एकटाच काजळवाडीला आला आणि खिंडीत आवडाईपुढे उभा राहिला.

"बाई, मी फसलो," तो म्हणाला. "साऱ्या डोळ्यांत तुझीच नजर आहे. ती सगळी चित्रं तुझ्या लेकीकडे बघत बसलीत."

आवडाई पुढे सरली. "आन् ती?"

"ती खिडकीतून इकडं बघते."

आवडाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तिच्या भिंतीवर ऊन येतं का वं?"

"येतं. सकाळचं येतं," नागोजी म्हणाला. "तू तिची एक नक्कल दे. मी गुपचूप बदलून तुझी लेक तुला आणून देतो. देवाशपथ देतो."

"नक्कल तयार हाय, दादा," आवडाई म्हणाली. "तिचं डोळं कशानं उघडू?"

नागोजी गेला आणि मरेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. राजा जन्मभर जगातल्या सर्वांत थोर चित्रांचा धनी म्हणून मिरवला. त्याच्या साऱ्या चित्रशाळेत खरं चित्र एकच होतं, आणि तेही त्याचं नव्हतं.

पुढे आवडाई गेली. तिचं चित्र कुणी काढलं नाही, काढणारं कुणी उरलंच नव्हतं. त्या संध्याकाळी चिता विझायच्या आत म्हातारा सिदबा काठी टेकत खिंडीत गेला आणि त्यानं पणती आपल्या तोंडाशी धरली. दुसऱ्या संध्याकाळी शेजारीण गेली. मग घराघरानं पाळी लावून घेतली.

महेंद्रकोट कधीच पडलं. ठकूचं चित्र कुठं गेलं ते कुणाला ठाऊक नाही. ती अजून कुठल्यातरी भिंतीवरून डोंगराकडे बघते, आणि आईची नजर तिच्याकडे, असं म्हणतात. काजळवाडीत मात्र आजही रोज तिन्हीसांजेला कुणीतरी खिंड चढतं. दिवा पायांपुढे धरत नाहीत, ठेचकाळतात, पण तोंडाशीच धरतात. परक्यानं कारण विचारलं, तर म्हणतात, "पोर एकटी हाय. आपलं मानूस दिसाया नगं व्हय तिला?"