टाळूवरचं तेल

“स्वतःच्याच लेकीचा हेवा वाटणं हे पाप आहे का, माई?”

मंदाकिनीने विचारलं, तेही ताठ मानेने. ती शाळेत गणित शिकवायची. रडून काही मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

मठीच्या ओसरीवर भागूमाई तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. गावातल्या बाया आपली तान्ही लेकरं टाळू भरायला त्यांच्याकडे आणत. मंदाकिनीनेही चार महिन्यांची लेक आणली होती. आणून सतरंजीवर ठेवली होती, स्वतःपासून हातभर लांब.

“कसला हेवा?”

“ही नुसती कुरकुरली तरी सासूबाई हातातलं टाकून धावतात. नवरा धावतो. माझा नुसता जळफळाट होतो, माई. मी रडले की माझी आई दार ओढून घ्यायची. म्हणायची, उचललं की लाडावते.”

“मग?”

“मग काय? झालेच ना मोठी! काही अडलं नाही माझं.”

माईंनी मांडीवरचा पदर सारखा केला.

“ये. डोकं ठेव मांडीवर.”

“मी? अहो, टाळू हिची भरायचीय.”

“ठेव.”

कुणी बघत तर नाही ना, अशी इकडेतिकडे नजर टाकत मंदाकिनी आडवी झाली. माईंनी तिचा अंबाडा सोडला आणि डोक्याच्या मधोमध तेल जिरवायला सुरुवात केली. हळूहळू, बोटांनी थोपटत. तिची मान सैल पडायला बराच वेळ लागला.

तेवढ्यात लेक रडू लागली.

माईंचा हात थांबला नाही.

रडू दे, मंदाकिनीला वाटलं. एकदा तरी कळू दे हिला. आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

लेक आणखी जोरात रडली...

“माई, ती रडतेय.”

“ऐकू येतंय.”

“घ्या ना तिला.”

“मी तुझ्यापाशी बसलेय.”

“अहो, पण ती केवढीशी आहे!”

म्हणता म्हणता ती उठलीसुद्धा. केस मोकळे, तेलाचे ओघळ मानेवर, साडीवर डाग... तिने लेकीला उचलून गळ्याशी घट्ट धरलं. आईचे तेलकट केस मुठीत पकडून लेक गप्प झाली.

मग मंदाकिनी रडायला लागली. चांगली हुंदके देऊन.

माईंनी पदराला हात पुसले आणि वाटीवर झाकण ठेवलं.

“तुझी टाळू निम्मीच भरलीय,” त्या म्हणाल्या. “उद्या ये.”