सुमेधा राणीचे दात

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांच्या भाषेत बोलत, सुवर्चस नावाचा राजा नांदत होता. त्या राज्यात चाळिशी ओलांडली की माणसांचे दात हलू लागत आणि एकेक करून गळून पडत. लोक म्हणत, वय झालं. दुखत नसे, म्हणून कुणी चौकशी करीत नसे.

पूर्वी असं नव्हतं. तरुणपणी राजाने एका मांत्रिकाच्या गुहेतून दोन वस्तू आणल्या होत्या: कधीही न सरणारा साखरेचा रांजण आणि कधीही न सरणारी तंबाखूची चंची. मांत्रिकाने अडवलं नाही. एवढंच म्हणाला, "खुशाल ने. ज्यांच्या मुखी हे रोज जाईल, त्यांचे दात मी नेईन." राजा हसला. त्याने दोन्ही वस्तू भर चौकात मांडल्या, आणि प्रजेने त्याचा जयजयकार केला.

पुढे एका सकाळी राणी सुमेधा त्याला म्हणाली, "महाराज, चूळ भरली की पाण्यात रक्त दिसतं."

"वाच्यता करू नका," राजा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

राणी सात वर्षं गप्प राहिली. मग तिचे दात गेले. पुढचे आधी, दाढा मागाहून. भाकरी सुटली. पेजेवर ती वाळत चालली. शब्द तोंडातून निसटत, म्हणून मोजकंच बोले. एकदा राजा अवचित महालात गेला, तेव्हा ती आपले पडलेले दात ओंजळीत धरून बसली होती. त्याला पाहताच तिने ओंजळ मिटली.

त्याच पावली राजा रानात गेला. तिथे एका उंबरावर म्हातारी साळुंकी राहत असे. तिला सगळं ठाऊक होतं.

"राजा, वयाने दात पडत नाहीत," ती म्हणाली. "आधी दातांवर कीट चढतं. मग हिरडी सुजते, रक्त येतं, आणि दाताला धरून ठेवणारं हाडच झिजतं. मांत्रिक असाच, पाऊल न वाजवता येतो. तीन कामं कर. रांजण फोड. चंची जाळ. आणि जे लपवलंस ते चौकात दाखव."

राजाने रांजण फोडला. साखर मुंग्यांनी नेली. चंची जाळली, मग पुढचे नऊ दिवस तंबाखूवाचून त्याचे हात कापत राहिले. तिसऱ्या कामाला मात्र त्याचा पाय उचलेना. अखेर तो चौकात उभा राहिला आणि त्याने आपलं तोंड उघडलं. हिरड्या लाल होत्या, दात हलत होते.

"बारा वर्षं रक्त येतं आहे," तो म्हणाला. "आम्ही लपवलं. राणीलाही लपवायला लावलं. तिचे दात आमच्यामुळे गेले."

गर्दीतून कुंभारांची एक सून पुढे आली. "महाराज, माझ्याही हिरड्यांतून रक्त येतं."

"केव्हापासून?"

"चार दिवस झाले."

राजवैद्याने तिचं तोंड पाहिलं. दातांवरचं कीट खरवडून काढलं. "रोज दात नीट घास आणि दर ऋतूला दाखवायला ये. सगळे दात वाचतील," तो म्हणाला.

ते ऐकून राजा चौकातच खाली बसला आणि सर्वांदेखत रडला. त्याच घटकेला दूर डोंगरात मांत्रिकाच्या गुहेचं दार आपोआप मिटलं, ते पुन्हा उघडलं नाही. त्या सुनेमागोमाग लोक रांगेने वैद्यापुढे बसले. उरलेले दात टिकले. गेलेले कुणाचेच परत आले नाहीत.

संध्याकाळी राजाने राणीला सारं सांगितलं.

"चार दिवसांत आली ती... तिचं नाव काय?"

"यमुना."

"बरं झालं," राणी म्हणाली. "बोलली ती."

आणि त्या राज्यात तेव्हापासून रक्त दिसलं की माणसं त्याच दिवशी बोलतात.